सागरी प्रतिजैविके आणि आपल्या दुकानातील शंख

गेल्या पावसाळ्यात एका औषध कंपनीचे प्रतिनिधी आमच्या चिकित्सालयात येऊन गेले. त्यांनी टेबलावर ठेवलेल्या गुळगुळीत पत्रकावर निळ्या पाण्यातील एका स्पंजाचे छायाचित्र होते व त्याखाली ठळक अक्षरांत ‘सागरातील नैसर्गिक प्रतिजैविक’ असे छापलेले होते. घटकद्रव्ये पाहिली तर शंखभस्म, शुक्तिभस्म, प्रवाळभस्म आणि त्रिकटू. पत्रकाचा युक्तिवाद थोडक्यात असा : सागरी प्राण्यांपासून जिवाणुनाशक संयुगे मिळतात हे जगभरच्या संशोधनाने सिद्ध झाले आहे, शंख, शुक्ती व प्रवाळ ही सागरी प्राण्यांचीच देणगी आहे, सबब आमची गोळी म्हणजे दुष्परिणामरहित प्रतिजैविक होय. दहा डब्यांवर दोन डबे मोफत अशी योजनाही सोबत होती. आमच्या परिचयातील तीन औषधालय-मालकांनी तो माल भरला, हे आम्हांस नंतर कळले.

या युक्तिवादातील पहिले विधान खरे आहे, दुसरेही खरे आहे, आणि तरीही तिसरे त्यातून निघत नाही. ते का निघत नाही, हे वैद्यबंधु-भगिनींपुढे व औषधालय चालविणाऱ्यांपुढे मांडावे असे आम्हांस वाटते. सागरी द्रव्यांच्या बाबतीत आमच्या हातूनही एक चूक घडलेली आहे. ती लपवून दुसऱ्यांच्या पत्रकावर टीका करणे योग्य होणार नाही. तीही पुढे येईलच.

आपला नंदुरबार जिल्हा समुद्राचा नव्हे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा मुलूख सातपुड्याच्या कुशीत आहे. तापी आपल्या प्रकाशे-सारंगखेड्यावरून वाहत जाऊन सुरतेपलीकडे सागराला मिळते, एवढाच काय तो समुद्राशी संबंध. समुद्र आपल्याकडे येतो तो दोन पोत्यांतून. एक पोते धडगाव-मोलगीच्या आठवडे बाजारात सुकट-बोंबलांचे उघडते. दुसरे काष्ठौषधींच्या दुकानात मागच्या फळीवर असते आणि त्यात शंखाचे तुकडे, कवड्या, शिंपा व समुद्रफेन असतो. या दुसऱ्या पोत्यातील द्रव्ये आपण रोज वापरतो, परंतु ती ज्या प्राण्यांपासून येतात ते प्राणी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलेही नाहीत. त्यामुळे त्यांच्याविषयी कोणी काहीही सांगितले तरी ते पटकन खरे वाटते.

प्रथम संशोधनाकडे वळू. समुद्राच्या एका मिलिलीटर पाण्यात सुमारे दहा लाख जिवाणू असतात. अशा पाण्यात एका जागी चिकटून राहणारा, कवच नसलेला, दिवसरात्र तेच पाणी अंगातून गाळणारा स्पंज कुजून जात नाही, याचे कारण शोधताना शास्त्रज्ञांना रासायनिक संरक्षणाचा पत्ता लागला. १९८० साली एका स्पंजापासून मॅनोअलाइड हे संयुग मिळाले व ते काही जिवाणूंची वाढ रोखते असे दिसले. १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी नालेच्या आकाराच्या ‘हॉर्सशू’ खेकड्याच्या रक्तपेशींतून टॅकिप्लेसिन हे जिवाणुनाशक पेप्टाइड वेगळे केले. १९९३ मध्ये मुशी जातीच्या शार्कच्या जठरातून स्क्वालामाइन मिळाले. आपल्या देशात गोव्याच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, जी १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली, पश्चिम किनाऱ्यावरील स्पंज व मृदू प्रवाळ यांच्या अर्कांच्या अशाच परीक्षा केल्या आहेत. तेव्हा सागरी प्राण्यांत जिवाणुविरोधी संयुगे असतात ही कपोलकल्पना नव्हे.

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजू पत्रकात नव्हती. समुद्रातून आलेली काही औषधे आज रुग्णालयांत आहेत. रक्ताच्या कर्करोगावरील सायटाराबिनची कल्पना एका स्पंजातील संयुगांवरून सुचली. तीव्र वेदनेवरील झिकोनोटाइड शंकुगोगलगायीच्या विषावरून आले व त्यास २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र पोटात किंवा शिरेवाटे देण्याजोगे एकही जिवाणुविरोधी औषध सागरी प्राण्याच्या शरीरातून निघून रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचलेले नाही. स्क्वालामाइनही पोहोचले नाही. सेफॅलोस्पोरिन गटाचा उगम समुद्राशी निगडित आहे हे खरे. १९४५ मध्ये ब्रोत्झू यांनी सार्डिनिया बेटावर, सांडपाणी जेथे समुद्रास मिळते तेथील पाण्यातून ती बुरशी मिळविली. पण ती बुरशी आहे, प्राणी नव्हे. स्पंजांच्या बाबतीतही पुढे असे आढळत गेले की, अनेक संयुगे स्पंज स्वतः बनवीतच नाही, त्याच्या अंगात राहणारे सूक्ष्मजीव ती बनवितात. शिवाय मात्रा इतकी अल्प की शेकडो किलो प्राणी खरवडून हाती मिलिग्रॅम लागतात.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्या हॉर्सशू खेकड्याच्या निळसर रक्तापासून केलेल्या परीक्षेने जगभर इंजेक्शने व सलाईन यांतील जिवाणुजन्य विषाची तपासणी होत आली आहे. हे प्राणी आपल्याकडे ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर आढळतात. सागरी प्राणी जिवाणूंच्या लढाईत आपल्या उपयोगी पडला तो असा, औषध म्हणून नव्हे तर पहारेकरी म्हणून. ही हकीकत कोणत्याही पत्रकापेक्षा आम्हांस अधिक विस्मयकारक वाटते.

आता आपल्या शंखाकडे येऊ. वरील सर्व संयुगे प्राण्याच्या सजीव, मृदू भागात असतात. आपण घेतो ते त्याचे कवच किंवा सांगाडा. आणि तोही शोधन करून, शरावसंपुटात बंद करून गजपुट देऊन. त्या पुटातील उष्णता आठशे-नऊशे अंश सेल्सियसच्या घरात जाते. पेप्टाइडे, स्टेरॉइडे, अल्कलॉइडे यांचा मागमूस त्याच्या कितीतरी आधी नाहीसा होतो. भस्मात उरतो तो कॅल्शियम कार्बोनेट व त्याचा काही भाग जळून झालेला कळीचा चुना. स्पंजाच्या छायाचित्राचा आणि या राखेचा संबंध जोडणे म्हणजे जळालेल्या वाड्याच्या राखेवर जुन्या दागिन्यांची किंमत मागणे होय. प्रवाळपिष्टी अग्नीतून जात नाही, तेव्हा हा आक्षेप पिष्टीस लागू नाही असे कोणी म्हणेल. ते बरोबर आहे. परंतु पिष्टी होते तीही प्रवाळाच्या कठीण सांगाड्याचीच, त्यावर राहणाऱ्या जिवंत पॉलिपांची नव्हे.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्हीही त्या पत्रकाच्याच पंक्तीला बसू. भाजलेले कवच प्रयोगशाळेत जिवाणू मारते, हे खरेच आहे. जपानमध्ये स्कॅलप शिंपल्यांच्या टाकाऊ कवचांचे ढीग साचतात. ती उच्च तापमानावर भाजून केलेल्या पुडीचा जंतुनाशक म्हणून चांगला अभ्यास झाला आहे. पण त्यामागचे कारण कोणतेही गूढ सागरी संयुग नसून मुख्यतः चुन्याचा तीव्र क्षारधर्म होय. दंतवैद्य मुळाच्या नळीत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरतात ते याच कारणासाठी. डोंगरातल्या चुनखडीच्या भट्टीतून निघालेला चुनाही हेच काम करील. त्यासाठी शंखाने समुद्रात जन्म घेण्याची गरज नाही. आणि हे सामर्थ्य पोटात घेतल्यावर टिकत नाही, कारण जठरातील आम्लाशी गाठ पडताच क्षाराचे शमन होते. शंखभस्माचे आपले परंपरागत क्षेत्र अम्लपित्त, परिणामशूल व ग्रहणी हे आहे, आणि ते याच शमनाशी जुळते. आपल्या पूर्वसूरींनी त्याला जे काम दिले ते त्याला जमते. नवे, अधिक भारदस्त काम आपण कशासाठी देत आहोत?

कशासाठी, ते आम्ही जाणतो. १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीतील प्रतिजैविकांची नोंद औषधालयांना वेगळ्या वहीत ठेवावी लागते व ती वही तीन वर्षे जपावी लागते. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंची चर्चा आता वृत्तपत्रांतूनही होते; २०१० मध्ये एका प्रतिकारक जनुकाला चिकटलेल्या ‘नवी दिल्ली’ या नावावरून किती वादळ उठले ते आपणांस स्मरत असेल. अशा वेळी ‘वही नको, चिठ्ठी नको, दुष्परिणाम नको’ असे प्रतिजैविक कोणी हाती दिले तर मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या रुग्णाला खरोखर प्रतिजैविकाची गरज आहे, त्याला शंखभस्माची गोळी देऊन चार दिवस थांबविणे याची किंमत तो रुग्ण भरतो. मोलगी किंवा तोरणमाळच्या पाड्यावरून आलेल्या माणसाच्या बाबतीत तर ते चार दिवस म्हणजे पुन्हा येणे न येणे, असा प्रश्न असतो.

आता आमच्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी अक्राणी भागातील एक बाई आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीचा कान दोन महिन्यांपासून वाहत होता. बाहेर पन्नास माणसे बसलेली. आम्ही विजेरीने वरवर पाहिले, कापसाने बाहेरचा पू टिपला आणि समुद्रफेनाचे सूक्ष्म चूर्ण फुंकून आत टाकले. वर लिंबाच्या रसाचे थेंब. फेस आला, तो पाहून त्या बाईंनाही बरे वाटले. घरी करण्यासाठी पुडी दिली. आमच्या गुरुजनांकडून आम्ही हेच शिकलो होतो व शेकडो वेळा केलेही होते. चौथ्या दिवशी कान वाहायचा थांबला असा निरोप आला. तीन आठवड्यांनी मुलगी परत आली ती ताप व कानामागे लालभडक सूज घेऊन. कानाच्या नळीत चूर्ण व पू यांचा दगडासारखा गोळा झाला होता आणि त्यामागे पू कोंडून हाडापर्यंत पोहोचला होता. शेजारच्या मोठ्या शहरात शस्त्रक्रिया झाली. मुलगी वाचली, त्या बाजूने तिला कमी ऐकू येते. कान वाहायचा थांबला म्हणजे रोग थांबला, असे आम्ही धरून चाललो होतो. दोष समुद्रफेनाचा नव्हता, आमचा होता.

त्यानंतर आम्ही सुश्रुतसंहितेचा उत्तरतंत्रातील कर्णरोगांचा एकविसावा अध्याय पुन्हा काढून वाचला. कर्णस्रावात पूरणाच्या बरोबरीने तेथे प्रमार्जन व धावन, म्हणजे कान पुसणे व धुणे सांगितले आहे, आणि हे सर्व अवस्था पाहून योजावे असे बजावले आहे. जागतिक आरोग्य संघटनाही जुनाट कर्णस्रावात कान पुसून कोरडा ठेवण्यास महत्त्व देते व सोबत प्रतिजैविकाचे थेंब सुचविते. आम्ही पूरण केले, प्रमार्जन केल्यासारखे केले, आणि अवस्था पाहिलीच नाही.

समुद्रफेनाविषयी येथे थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या पोत्यातील खरा अभ्यासविषय तोच आहे असे आमचे मत झाले आहे. समुद्राचा फेस वाळून तो होतो, ही समजूत अजूनही काही दुकानांत ऐकू येते. वास्तविक ते माकुल या प्राण्याच्या अंगातील कवच होय. प्राणी मेला की हे हलके, होडीच्या आकाराचे पांढरे कवच तरंगत किनाऱ्याला लागते. पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासण्यासाठी टांगतात ते हेच. त्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आणि थोडा भाग कायटिनचा असतो. शंखासारखे आपण ते जाळीत नाही. लिंबूरसात शोधन करून कच्चेच वापरतो. म्हणजे त्यातील सेंद्रिय भाग आपल्या हाती उरतो. सुश्रुतांनी द्विव्रणीय अध्यायात व्रणाच्या लेखनासाठी, म्हणजे खरवडून काढण्यासाठी, जी साधने सांगितली त्यांत फेनाचा समावेश आहे. जुनाट व्रणावर जिवाणूंचा जो चिकट थर बसतो तो खरवडल्याशिवाय वरचे औषध आत पोहोचत नाही, असे आजचे शल्यचिकित्सकही सांगतात. समुद्रफेनाचे मोठेपण जिवाणू मारण्यात नसून खरवडण्यात असेल, अशीही शक्यता आहे.

आता कायटिनच्या नावावर दुसरे पत्रक निघण्यापूर्वीच सांगून ठेवतो. कोळंबी व खेकड्यांच्या टरफलांतील कायटिनपासून कायटोसान करतात. ते जिवाणूंच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटून त्यांना मारते, रक्तही थांबविते. २००२ पासून अमेरिकेत त्याच्या रक्तस्तंभक पट्ट्या मान्यताप्राप्त आहेत. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान करण्याचे तंत्र आपल्या देशात विकसित केले. सागरी प्राण्यापासून आलेले व जखमेवर प्रत्यक्ष वापरात असलेले जिवाणुविरोधी द्रव्य म्हणून दाखवायचेच असेल तर हे दाखवावे. परंतु कायटिनचे कायटोसान होण्यासाठी ते तीव्र कॉस्टिक सोड्यात उकळावे लागते. लिंबाच्या रसाने ते होत नाही. तेव्हा समुद्रफेनात कायटिन आहे, म्हणून समुद्रफेन प्रतिजैविक आहे, असे कोणी म्हणू नये.

मग समुद्रफेन व लिंबूरस यांनी कान कोरडा होतो तो कशाने? चूर्ण पाणी शोषते म्हणून? लिंबाच्या आम्लाने? कान कोरडा झाल्यामुळे जिवाणूंना ओल मिळत नाही म्हणून? की खरोखरच त्यात काही जिवाणुविरोधी अंश आहे? हा प्रश्न सोडविण्यासाठी गोव्यास जावे लागत नाही. ज्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवितात तेथे तो सुटू शकतो. वाहत्या कानात नेहमी सापडणारे स्टॅफिलोकॉकस ऑरियस व स्यूडोमोनास हे दोन जिवाणू घ्यावेत. एका नळीत शोधित समुद्रफेन, दुसरीत केवळ लिंबूरस, तिसरीत दोन्ही, चौथीत साधी चुनखडीची पूड व लिंबूरस, पाचवीत सिप्रोफ्लॉक्सासिन, आणि एक नळी औषधाविना. चूर्ण पाण्यात विरघळत नसल्याने आगरच्या थाळीवरील वर्तुळे मोजण्याची नेहमीची पद्धत येथे फसवी ठरेल. द्रव माध्यमात जिवाणू मोजावे लागतील आणि प्रत्येक नळीचा सामू लिहून ठेवावा लागेल. चुनखडी व लिंबूरस यांनीही तोच परिणाम दिला तर समुद्रफेनाचा वेगळा दावा उरत नाही. नाही दिला तर मात्र आपल्या हाती काही खरे लागले असे म्हणता येईल. निष्कर्ष कोणताही येवो, तो याच त्रैमासिकात छापला जावा अशी संपादक मंडळास आमची विनंती आहे. आमच्याकडून चूर्ण, द्रव्याची ओळख पटविण्याचे काम व खर्चाचा वाटा देण्यास आम्ही तयार आहोत.

तोपर्यंत आमच्या चिकित्सालयात समुद्रफेनाची पुडी घरी दिली जात नाही. कान पुसून पडदा दिसेपर्यंत आत काहीही टाकले जात नाही. पडद्याला छिद्र असेल, ताप, चक्कर, कानामागे दुखणे किंवा चेहऱ्याचा वाकडेपणा असेल तर त्याच दिवशी कानाच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी जाते. औषधालयातूनही वाहत्या कानासाठी समुद्रफेन वा कपर्दिकाभस्म मागणाऱ्यास ते थेट देऊ नये. प्रथम वैद्याकडे पाठवावे. प्रवाळ विकत घेताना पक्के बिल मागून घ्यावे, कारण ११ जुलै २००१ च्या अधिसूचनेपासून प्रवाळभित्ती रचणारी प्रवाळे, काळे प्रवाळ व समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत व २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची मांडणीही बदलली आहे. पोत्यात काय आले हे व्यापाऱ्याच्या शब्दावर सोडणे आता परवडणारे नाही.

त्या तीन औषधालय-मालकांशी आम्ही बोललो. दोघांनी डबे परत केले. तिसऱ्यांनी विचारले, “वैद्यराज, मग हे शंखभस्म गिऱ्हाइकाला काय सांगून द्यायचे?” जेवल्यावर छातीत जळजळ, आंबट ढेकर, पोटात कळ, यासाठी वैद्याने लिहिले असेल तर द्यावे, आणि ताप व पू असलेल्या माणसाला देऊ नये, असे आम्ही सांगितले. त्यांनी ते एका कागदावर लिहून घेतले व डब्यांच्या फळीला चिकटविले.